फोनच्या पलीकडची खोली

प्रिय दादा,

पाकीट हातात आल्यावर तू ते आधी उजेडाकडे धरून बघशील आणि म्हणशील, हिला झालं काय, फोन बिघडला की डोकं? दोन्ही ठीक आहेत. आईही ठणठणीत आहे. तेव्हा आधी नीट बस आणि सरळ वाचत जा. मधूनच उडी मारून शेवट गाठायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

सध्या आमच्या स्टुडिओत एक हेरपट आलाय. तुझ्या पसंतीचा नाही, माझ्या. तुला लागतात गच्चीवरून गच्चीवर उड्या, बोटीमागे बोट, आणि एवढं सगळं होऊनही नायकाच्या शर्टाची इस्त्री जशीच्या तशी. शाळेत असताना तू तसला सिनेमा बघून आलास की पुढे कितीतरी दिवस प्रत्येक कोपरा भिंतीला पाठ लावून वळायचास, आणि बाबा म्हणायचे, हेरसाहेब, शर्टाला चुना लागला, आता आई तुम्हाला पकडणार. बाबांना स्वतःच्याच सापळ्यात पडणारे विनोदी हेर आवडायचे. मला मात्र ते थंड, संथ सिनेमे, ज्यांत कुणी पळत नाही. दोन माणसं बाकावर बसतात, एकमेकांकडे बघत नाहीत. एक कचेरी असते, सगळे एकमेकांची विचारपूस करतात, आणि त्यांतला एकजण फितूर असतो. तू जांभया देत विचारायचास, यात घडतं काय? अरे, संशय घडतो. खोलीतली खुर्चीसुद्धा खरी वाटेनाशी होते, ते काय कमी आहे?

आणि माझं काम तुला अजून कळलेलं नाही, लोकांना तू नुसतं ‘बहीण सिनेमात आहे’ म्हणून मोकळा होतोस. पडद्यावरचा माणूस चालतो ना, ती पावलं माझी असतात. बंद खोलीत पुरुषी बूट चढवून, पडद्याकडे बघत, मी त्याच्याबरोबर चालते. रेनकोटची सळसळ, कुलपात फिरणारी किल्ली, बशीवर टेकणारा कप, हे सगळं आम्ही मागाहून करतो. तुझ्या सिनेमांत आम्हाला फारसं कामच नसतं, स्फोट आणि गाड्या तयार मिळतात. माझ्या सिनेमांतली सगळी भीती मात्र बारीक आवाजांवर चालते. आमचे रेकॉर्डिस्ट, ज्यांना आम्ही कानसेन म्हणतो, त्यांचं म्हणणं असं की फितूर माणूस चेहऱ्यावरून सापडत नाही, कप ठेवताना सापडतो. काल अख्खी दुपार आम्ही एक कप ठेवण्यात घालवली.

तर अशा बाईला तू फोन करतोस, आणि वर समजतोस की तिला काही कळत नाही.

पहिल्यांदा खटकला तो घुमारा. तुझ्या हॉलमध्ये पडदे, गादी, तुझ्या लेकीची, भिंगरीची ती कापडी खेळणी, म्हणून तुझा आवाज नेहमी मऊ यायचा. एक दिवस तो रिकाम्या डब्यात बोलल्यासारखा आला. मी विचारलं, तर म्हणालास, पडदे धुवायला दिलेत. बरं. पण पडदे आले तरी कधी? पुढच्या फोनलाही घुमतंय, त्याच्या पुढच्यालाही. मग तुझा कॅमेरा बिघडला. मग भिंगरी कायम आत्ताच झोपलेली, नाहीतर आत्ताच अंघोळीला गेलेली. एवढी अंघोळ करणारं पोर मी दुसरं पाहिलेलं नाही. आत्याशी बोलायला म्हणून फोन हिसकावून घेणारी ती, अचानक एवढी शहाणी कशी झाली?

मग मी सापळा लावला. रागावू नकोस, तुझ्याकडूनच शिकले. सहज विचारल्यासारखं विचारलं, वहिनीचा खांदा कसा आहे आता? वहिनीचा खांदा कधी दुखलेलाच नव्हता. तू एक श्वास घेतलास आणि म्हणालास, बरा आहे, शेकतेय रोज. आपला दादा खोटं बोलतोय, आणि तेही सराईतासारखं. मी काय काय नाही आणलं मनात. नोकरी गेली असेल. कुठल्या तरी भानगडीत अडकला असेल. शेवटी, सांगायला लाज वाटते, पण घरात दुसरीच कुणी असेल असंही वाटलं, आणि तेव्हापासून मी तुझ्या फोनमागे बाईचा आवाज शोधत बसायची. तू आईच्या गुडघ्याबद्दल विचारत असायचास आणि मी पलीकडच्या पावलांना कान लावून बसलेली.

बाईचा आवाज सापडला नाही. भिंगरीचा सापडला. मागे कुठेतरी स्टीलची वाटी पडते, गरगर फिरते, भिंगरी खिदळते, तिला उचकी लागते आणि ती म्हणते, बाबा, परत! मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, उगाच आपण घरच्या माणसावर हेर बसवले. पुढच्या फोनला वाटी पुन्हा पडली. तशीच फिरली. उचकी तिथेच लागली. दादा, कुठलीही वाटी दोनदा सारखी पडत नाही. मी आयुष्यभर वाट्या पाडत आलेय, मला विचार. माझ्या आवडीच्या सिनेमांत हे हमखास असतं: खोलीत घरातल्या माणसांच्या गप्पांची टेप लावून ठेवायची, बाहेर पाळतीवर बसलेल्यांना वाटतं सगळे आत आहेत, आणि आत कुणीच नसतं. म्हणजे मी पाळतीवरची, आणि तू मला लेकीचा आवाज वाजवून गंडवतोयस! इतका राग आला मला तुझा. तोंडावर विचारणार होते, अगदी शब्द जुळवून ठेवले होते.

मग परवा दुपारी तुझा फोन आला. तू केला नव्हतास, खिशातून लागला असणार. मी हॅलो हॅलो करून थकले. ठेवायला हवा होता, पण सवय वाईट, ऐकत राहिले. तुझी पावलं होती, डावी चप्पल घासत टाकतोस ती. एक ताट ठेवल्याचा आवाज. एकच. खुर्ची ओढलीस. आणि मग वाटी पडली, भिंगरी खिदळली, उचकी, बाबा, परत. थोडं थांबून पुन्हा तेच. पुन्हा तेच. तू एक शब्द बोलला नाहीस, आणि जेवलासही नाहीस, चमचा वाजला नाही. ऐकणारं कुणी आहे हे तुला माहीतच नव्हतं. माझ्यासाठी नव्हतंच रे ते लावलेलं. आपण फोनवर बोलायचो तेव्हा ते आधीपासूनच चालू असायचं, आणि मी त्याचे काय काय अर्थ काढले! मी फोन ठेवला आणि आईसमोरच रडायला लागले.

म्हणून आईला कळलंय. सांगायचं नव्हतं, पण माझ्या रडण्याला दुसरं कारण सुचेना. वहिनी लेकीला घेऊन का गेली ते मला ठाऊक नाही, तिला फोन करून काढून घेतलेलं नाही, घेणारही नाही. आईनेही चूक कुणाची असं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, त्याच्याकडे मला झोपायला जागा असेल ना? मग उठून बॅग काढली. तुला फोनवर सांगितलं असतं तर तू ‘कशाला त्रास, इथे सगळं मजेत’ म्हणाला असतास, मी तुझा आवाज ऐकत बसले असते, आणि तिचं येणं रद्द झालं असतं. म्हणून हे पत्र, आणि तेही तिकीट काढून झाल्यावर. आई भिंगरीला बघायला येत नाहीये, तुला बघायला येतेय. शुक्रवारी सकाळच्या गाडीने पोचेल. तिला घ्यायला ये. भिंगरी झोपलीय, वहिनी स्वयंपाकात अडकलीय, असलं काही जुळवत बसू नकोस. एकटाच ये.

तुझीच,
भोचक बहीण