तुमचा भाचा घेऊन जा

केदारखेडा,
पोळ्याचा आदला दिवस

श्रीमान संपतराव यांना दाजी बद्रीनाथचा रामराम. कारखान्यावर तुमचं सगळं बराबर असेल. गिरिजाबाईंचा गुडघा कसा आहे ते कळवा (विटेनं शेकायला सांगितलं होतं, शेकला का?). आम्ही इकडं मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण मी मजेत न्हाई.

हे पत्र शेजारचा बबलू उद्या सकाळीच फटफटीवर आणून देईल. फोन का केला न्हाई म्हणाल, तर माझ्या फोनचा पासवर्ड तुमच्या भाच्यानं बदललाय अन् विचारलं तर "हं" म्हणतो. कल्याणला सोळावं वरीस लागल्यापासून दुसरा शब्द मी ऐकला न्हाई. जेवलास का? हं. अभ्यास? हं. घराला आग लागली म्हणलं तरी हं. मागं दोन्ही बाजूंनी डोकं भादरून आल्ता, वर कोंबड्यासारखा तुरा. तेही गिळलं मी (तुमची बहीण म्हणते, लेकराला शोभतंय. लेकरू! मिशा फुटल्यात त्याला).

पण आजचं ऐका. सर्जा-पाखऱ्याला नदीवर धुवायला पाठवला, संग शाम्पूच्या पुड्या दिल्या. बैलांसाठी! यानं सगळ्या पुड्या स्वतःच्या तुऱ्याला लावल्या अन् झाडाखाली मोबाईलमध्ये स्वतःलाच बघत बसला. बैल कंटाळून निघाले ते थेट आशाबाईच्या मक्यात. बैल मी हाकलून आणले, आशाबाईच्या शिव्या मी खाल्ल्या, अन् साहेब नवा पांढरा शर्ट घालून घमघमत मागून आले. माझं डोकंच फिरलं. भर ओट्यावर सांगितलं, पोळा झाला की तू मामाकडं अंकुशनगरला, कायमचा. काय म्हणाला असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

तरी हात जोडून विनंती, उद्या जेवायला या अन् जाताना तुमचा भाचा घेऊन जा. परत बिलकुल आणू नका.

आपला,
बद्रीनाथ

ता. क. घडी घातलेलं पत्र परत उघडलं. संध्याकाळी खांदेमळणीला तूप-हळदीची वाटी सापडेना. गोठ्यात गेलो तर वाटी तुमच्या भाच्याच्या हातात, सर्जाचा खांदा चोळून राह्यला होता. मी दारातच थांबलो. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," म्हणाला, आमचे आबा म्हणायचे तसंच. मंग हळूच म्हणतो, "तुला जेवायला बोलवायलेत, अन् मला घरातून काढून द्यायलेत."

बैलाशी एवढं बोलतो अन् बापाशी हं! असा राग आला मला, की वाटी हिसकून सगळी तूप-हळद त्याच्याच खांद्यावर चोळली अन् ओरडून म्हणलं, "आज आवतन घे, उद्या जेवायला ये. परवा बी ये." तो खांद्याकडं बघतच राह्यला. मंग म्हणाला, "पप्पा, नव्या शर्टाची पार वाट लावली तुम्ही." संपतराव, पूर्ण वाक्य बोलला!

ता. क. दुसरा. हळदीचा डाग जात न्हाई म्हणते तुमची बहीण. येताना एक पांढरा शर्ट आणा, माझ्या पोराच्या मापाचा. जाताना एकटेच जा.