दुधी पाणी

१२ मार्च
दूध येत नाही. पोरगी रडते, मी रडते, आणि माझ्या सासूबाई, लल्ला इत्तो, चुलीवर मेथ्या उकळत बसतात. त्यांचं एकच पालुपद — "खा म्हणजे येईल!" मेथ्या, मसूर, कोंबडी... आता माझ्या घामालाही मेथीचा वास येतो. दुधाच्या पावडरीचा डबा आणू या म्हटलं तर असं बघितलं त्यांनी, जणू मी विषच मागितलं.

नवरा, बस्सू, टँजियरला, बंदरावर कामाला. फोनवर म्हणतो, "आई सांगते तसं कर." करतेच आहे! दुसरं काय करते इथे?

१४ मार्च
आज लल्लांनी मला झऱ्याचं पाणी पाजलं.

झरा धरणाच्या भिंतीच्या बुडाशी, आमच्या क्वार्टरपासून हाकेच्या अंतरावर. बायका त्याला पवित्र मानतात. शेजारच्या बदामाच्या झाडाला चिंध्या बांधतात, मूल मागतात, दूध मागतात. माझे सासरे, बा हद्दू, धरणाचे चौकीदार. ते हसतात. "कसला झरा अन् कसलं काय! माझं धरण पाझरतंय. चाळीस वर्षं मी तो पाझर मापतोय."

"तुम्ही मापा," लल्ला म्हणतात. "आम्ही दुवा मागतो. तुमच्या मापानं कुणाला पोर झालंय का?"

यंदा डोंगरावर मरणाचा बर्फ पडला. तो वितळला आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तळं काठोकाठ आलं. तेव्हापासून झऱ्याचं पाणी पांढरं झालंय. अगदी दुधासारखं! खोऱ्यातल्या बायका गाढवांवर बसून येताहेत. आणि लल्ला पहाटे जाऊन, सगळ्यांच्या आधी, माझ्यासाठी घडा भरून आल्या. पेला माझ्या ओठाला लावला. दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि तो तसाच ठेवून पुटपुटत राहिल्या. आई गेल्यापासून असा हात कुणी ठेवला नव्हता पाठीवर. चव खडूसारखी होती, पण सगळं प्यायले. दोन पेले मागून घेतले!

१५ मार्च
कालच्या घड्यातला एक पेला भरून ठेवला होता, तो खिडकीतच राहिला. सकाळी बघते तर वर नितळ पाणी आणि तळाला चिखल. चांगला बोटभर, मैद्यासारखा बारीक.

किती वेळ बघत बसले. झरा येतो भिंतीच्या बुडातून. मग ही माती कुठली? कुठून तरी रोज निघूनच येत असणार ना ती! आणि आम्ही सगळे त्या भिंतीच्या पायथ्याशी झोपतो. वीजघराची घरघर हीच माझ्या पोरीची अंगाई.

१६ मार्च
चहाच्या वेळी बांना म्हटलं, "बा, झऱ्याचं पाणी गढूळ आहे."

"छे छे! साफ आहे. आजच ऑफिसला फोन करून सांगितलं. उंची अमुक, पाणी साफ."

आणि त्यांनी किटली उंच धरून चहा ओतला — पेल्याच्या बाहेर. सगळा चहा ताटलीत! लल्लांनी त्यांच्या हातातून किटली काढून घेतली. हे मी आधीही पाहिलं होतं. वय झालं, हात कापतो, असं समजत होते. मूर्ख मी!

१७ मार्च
लल्ला बाळाचं धुणं घेऊन बाहेर गेल्या तशी बांपुढे दोन पेले ठेवले. एकात नळाचं पाणी, एकात झऱ्याचं. "बा, यातलं साफ कोणतं?"

दोन्ही पेले त्यांनी उजेडाकडे धरले. खूप वेळ. मग हळूच खाली ठेवले.

"दोन्ही दुधासारखीच दिसतात गं पोरी. मला सगळंच तसं दिसतं. तूसुद्धा."

दोन वर्षं झाली म्हणे. डोळ्यांत मोतीबिंदू. पाण्याच्या उंचीची पट्टी ते बोटांनी चाचपून वाचतात, आकडा कधी चुकला नाही. पण रंग बोटांना कसा कळणार? म्हटलं, सांगितलं का नाही कुणाला? तर म्हणाले, "डोळे गेले म्हटलं की चौकी गेली. चौकी गेली की हे घर गेलं. मग इत्तोला घेऊन जाऊ कुठे?"

मी त्यांचा हात धरून बसले. इतके दिवस माझ्या पोरीला मांडीवर घेऊन खेळवताहेत, आणि तिचा चेहरा त्यांनी पाहिलेलाच नाही! रडू आवरेना. मग मीच त्यांचं बोट पेल्याच्या तळाला लावलं. तो गाळ त्यांनी बोटांत चोळला, पुन्हा चोळला.

फोन त्यांनी स्वतः केला. मला करू दिला नाही.

"साहेब, मी आंधळा झालोय. पाझरातून माती येतेय. माझ्या सुनेनं पाहिलं."

पलीकडून कुणीतरी ओरडत होतं. बा म्हणाले, "सवयीनं सांगत होतो, साहेब. कुणाला विचारलं नाही. चूक माझी एकट्याची."

लल्ला दारात उभ्या होत्या. धुण्याची बादली हातात तशीच.

१८ मार्च
शहरातून इंजिनीयर गिझलान आल्या. माझ्याच वयाच्या, गुडघ्यापर्यंत चिखल. झऱ्यापाशी उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "पाझर असायला हरकत नाही, जुनी धरणं पाझरतातच. पण पाझर माती घेऊन निघाला म्हणजे भिंतीचं बूड आतून पोखरलं जातंय. तळं अजून थोडे दिवस असंच भरलेलं राहिलं असतं ना..." आणि उठून ऑफिसला फोन लावला.

धरणाचे दरवाजे उघडलेत. खालच्या सगळ्या घरांना वरच्या शाळेत हलवलंय. पोरगी फळ्याखाली निजली आहे.

२२ मार्च
बांनी कुणाला तरी पाठवून दुधाचा डबा आणवला! माझी तिलिला पोटभर प्याली आणि झोपली. मीही झोपले.

३० मार्च
तळं उतरलं. भिंतीच्या बुडाशी वाळू-खडीचे थर घालताहेत, वरून भोकं पाडून सिमेंट भरताहेत. गिझलानबाई म्हणतात, वेळेत झालं. घरी परतायला परवानगी मिळाली.

झरा आटला.

बायका चिंध्या घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. एकीनं तर तोंडावर ऐकवलं — "शहरातली सून आली नि झरा गिळला!" लल्ला शेजारीच उभ्या होत्या. माझ्या बाजूनं एक शब्द नाही! बांनी फोन केला त्या दिवसापासून माझ्याशी बोलतच नाहीत. भाकर आणून ठेवतात आणि पाठ फिरवतात. कळतं मला, जन्मभर जपलेला झरा होता त्यांचा. पण मी कुणासाठी केलं हे? त्यांचीच नात ना ही? लागलं मनाला. खूप लागलं.

चहाच्या टपरीवर बांना "आंधळा पहारेकरी" म्हणतात. बा हसतात आणि पुढे जातात.

१४ एप्रिल
बांची चौकी गेली. गिझलानबाई भांडल्या म्हणून घर तेवढं राहिलं.

आणि आज मेकनेसला बांच्या एका डोळ्याची, ऑपरेशननंतरची पट्टी काढली! डॉक्टरांनी विचारलं, किती बोटं? बा डॉक्टरांकडे बघतच नव्हते. तिलिलाकडे बघत होते.

"अरे, हिला खळी आहे! मला कुणी सांगितलं का नाही?"

मग माझ्याकडे वळले. "आणि तुदा, तू एवढी वाळलीस कधी गं?" दवाखान्यात सगळ्यांसमोर रडले मी. लल्ला घरीच राहिल्या होत्या. डोकं दुखतं, असं बांना सांगितलं.

२० एप्रिल
आज लल्ला माझ्यापाशी येऊन बसल्या. तिलिलाला मांडीवर घेतलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा बोलल्या.

"फोनवर साहेबांशी खोटं बोलले ते. कुणाला विचारलं नाही म्हणाले. रोज मला विचारायचे. पहाटे मी पाणी घेऊन आले की — इत्तो, पाणी साफ आहे ना? मी सांगायचे, साफ. मग ते फोन करायचे."

तिलिलाच्या ओठावरचं दूध त्यांनी बोटानं पुसलं.

"दुधासारखं होतं गं," त्या म्हणाल्या. "दुधाला गढूळ कसं म्हणायचं?"