तोंडाची वाटी

३ मार्च, मंगळवार

आजही नाही!

दात घासताना पेस्ट जिभेला झोंबली, तेवढंच. मग कांदा हुंगला. कॉफीची बाटली उघडून नाक आत घातलं. शेवटी नवऱ्याच्या मोज्यांपर्यंत मजल गेली. काही नाही. ताप गेला त्याला किती दिवस झाले! जाताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणतात, ‘येईल. कधी ते मात्र सांगता येत नाही.’ एवढं मलाही सांगता आलं असतं.

आणि मी टीव्हीवर रोज दुपारी लोकांना स्वयंपाक शिकवते. हसू येतं, पण हसायचासुद्धा कंटाळा आलाय.

कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — त्याच्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळपर्यंत भाजीवाल्याला कळेल. आणि पुढच्या वर्षाचा करार अजून व्हायचाय. चव न कळणारी बाई स्वयंपाकाच्या कार्यक्रमात कोण ठेवून घेईल? पुन्हा घरी बसायचं नाही मला. एकदा बसले आहे.

५ मार्च, गुरुवार

मेकअपच्या खोलीत नवी मुलगी आलीये. गालाला पफ लावता लावता म्हणाली, ‘तुम्हीच ना त्या थोरल्या? तुम्ही मेलात तेव्हा आमची आजी दोन दिवस जेवली नव्हती.’ मी म्हटलं, आजींना नमस्कार सांग, मी बरी आहे.

बारा वर्षं त्या मालिकेत थोरली सून होते. बारा वर्षं रिकाम्या कढईत उलथनं फिरवलं. कढई रिकामी, गॅस बंद, डोळे तेवढे भरलेले. रडत रडत इतका स्वयंपाक दुसऱ्या कुठल्या बाईने केला नसेल. मग एकदा लेखकाला म्हटलं, थोरलीने एकदा तरी उलट बोलावं की हो! पुढच्याच आठवड्यात जिन्यावरून पडले. खलास.

त्यानंतर घरी. फोन वाजत नाही म्हणून उचलून बघायची, चालू आहे ना. चालू असायचा. नवरा बिचारा मुद्दाम दुसऱ्या खोलीतून फोन करायचा, ‘बाईसाहेब, चहा घेणार का?’ मी त्याच्यावरच खेकसायची.

मग निर्माते आले. म्हणाले, ‘लोकांनी तुम्हाला कायम स्वयंपाकघरात पाहिलंय. त्यांना वाटतं तुम्हाला येतं.’ येत नव्हतं! आमच्या घरी पहिल्यापासून नवराच रांधतो. पण शिकले. खरंच शिकले. ज्या वयात बायका चुलीला कंटाळतात त्या वयात मला तिची गोडी लागली. लसूण तेलात पडला की पहिला जो वास येतो ना — त्यासाठी मी सकाळी लवकर स्टुडिओत जायची. आता लसूण पडतो, आवाज येतो, बस्स.

९ मार्च, सोमवार

सहा भाग एका दिवसात. पाय सुजलेत.

आमच्याकडे आधी जेवायचं आणि मग रांधायचं! बाहेरच्या कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. शेवटचा घास सगळ्यात आधी घेतात, कारण तेव्हा मेकअप ताजा असतो, ओठ नीट असतात. म्हणजे मी सकाळी येते, पदार्थ खाते, डोळे मिटते, मान जराशी डावीकडे टाकते, ‘अहाहा!’ म्हणते — आणि मग कांदा चिरायला घेते. डोळे मिटणं ही माझी खूण. लोक रस्त्यात नक्कल करून दाखवतात.

आणि पदार्थ दोन वाट्यांत असतो. एक कॅमेऱ्याची वाटी, एक तोंडाची. कॅमेऱ्याच्या वाटीत काय काय असतं ते विचारू नये. दिव्यांखाली खरं अन्न लगेच मलूल होतं, म्हणून तिला चमक आणतात, फेस आणतात, वाफ आणतात. ती फक्त बघायची. मग कट होतो, सजावटवाली पळत येते, वाटी बदलते, मी तोंडाच्या वाटीतला घास घेते. ही सजावटवाली म्हणजे एकदम कडक बाई. पहिल्या दिवशी मला म्हणाली होती, ‘ताई, वाटी मी बदलल्याशिवाय चमचा उचलायचा नाही.’ कधी उचलला नाही.

१० मार्च, मंगळवार

घरी नवरा खूश आहे. ‘हल्ली तू माझ्या जेवणाला नावं ठेवत नाहीस. दोनदा भाजी घेतलीस.’

घेतली खरी. पहिल्यांदा घेतली होती हेच विसरले होते.

१४ मार्च, शनिवार

लिहून टाकते.

आज दुधाचं घट्ट सूप होतं, वर फेस. दिग्दर्शकाला घाई — दुपारी स्टुडिओ दुसऱ्या कुणाला द्यायचा होता. म्हणाला, कट न करता एकाच दमात घेऊ. सजावटवाली ओरडली, ‘वाटी बदलायची आहे!’ तो म्हणाला, बदललीय ना? तिला वाटलं तिच्या हाताखालच्या बाईने बदलली, त्या बाईला वाटलं हिने बदलली. मला वाटलं दोघींनी मिळून बदलली असेल. कॅमेरा सुरू. मी चमचा भरून घेतला. तोंडात काहीतरी गुळगुळीत, कोमट. डोळे मिटले. मान डावीकडे. ‘अहाहा! अगदी मऊ मऊ... आणि शेवटी जिभेवर हलकीशी गोडी रेंगाळते.’ वर आणखी एक चमचा घेतला! कारण पहिल्या वेळी केस डोळ्यांवर आला होता.

कट झाला आणि कुणी बोलेना. मला वाटलं, इतकं छान झालं?

मग सजावटवाली धावली. ‘ताई, थुंका! थुंका आधी! त्यात भांड्यांचा साबण आहे!’

साबण. आणि दुधाच्या जागी पांढरा गोंद.

बेसिनपाशी चूळ भरत होते तेव्हा तोंडातून फुगे येत होते. कॅमेरामन पाठीवरून हात फिरवत होता, दिग्दर्शक सारखा ‘सॉरी, सॉरी’ म्हणत होता. सगळ्यांना वाटलं, काय ही कलावंत! साबण खाल्ला तरी शॉट सोडला नाही! टाळ्या वाजवल्या. फक्त सजावटवाली वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. नटीला चेहरा सांभाळता येतो, पण दुसरा चमचा कोण घेतं?

१५ मार्च, रविवार

दिवसभर पडून. पोट ठीक आहे. बाकी काही ठीक नाही.

१६ मार्च, सोमवार

सजावटवालीने खोलीत येऊन दार लावलं. ‘कधीपासून?’ एवढंच विचारलं.

मी रडले. खरं रडले, म्हणजे अगदी कुरूप, नाक वाहत. मालिकेत असं रडायला परवानगी नव्हती. तिने माझा हात धरून ठेवला. म्हणाली, ‘मी कुणाला सांगणार नाही. पण ताई, उद्या कुणी नासकं दिलं तर? तुम्हाला कळायचंसुद्धा नाही. जीव जाईल. तुम्हीच सांगा, लवकर सांगा.’

संध्याकाळी आधी नवऱ्याला सांगितलं. त्याने हातातली पळी खाली ठेवली. मला वाटलं घाबरला. मग हळूच म्हणाला, ‘म्हणजे ती भाजी... दोनदा घेतलीस ती...’ मला इतकं वाईट वाटलं की काय लिहू!

१७ मार्च, मंगळवार

निर्मात्यांना सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘आठवडाभर विश्रांती घ्या.’

विश्रांती म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मालिकेत मला जिन्यावरून पाडलं होतं तेव्हाही विश्रांतीच दिली होती. घरी येऊन एप्रन धुतला, वाळत घातला. नवरा म्हणाला, गेलं तर गेलं, आपण दोघं मजेत राहू. राहू की. पण मजा मला कुठे जमते?

२६ मार्च, गुरुवार

फोन वाजला.

निर्माते इतके आनंदात की आधी वाटलं, त्यांच्या घरी लग्न ठरलं. ‘अहो, सोनं आहे सोनं! चव हरवलेली सुगरण! तुम्ही हे कॅमेऱ्यासमोर सांगायचं. आणि मग हाच कार्यक्रम — जिला चव कळत नाही ती बाई इतरांसाठी रांधते. पाहुणे बोलवू. आजारपणात चव गेलेले कितीतरी लोक आहेत.’

मी म्हटलं, पण हे तर खरं आहे. ते म्हणाले, ‘तेच तर म्हणतोय!’

२ एप्रिल, गुरुवार

सांगितलं. सगळं सांगितलं, साबणासकट.

मला वाटलं होतं, खरं एकदाच बोलायचं असतं. तीनदा बोलले. पहिल्या वेळी दिवा हलला, दुसऱ्या वेळी मी अडखळले. दिग्दर्शक म्हणाला, ‘अश्रू दुसऱ्या वेळचे जास्त छान होते, पण चालेल.’

तरी घरी येताना गाडीत किती हलकं वाटत होतं! आता डोळे मिटायचे नाहीत. मान टाकायची नाही. अहाहा नाही. खोटं बोलायला किती अंग मोडून मेहनत लागते, हे थांबल्यावर कळलं. जेवताना नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, ‘मला काही कळत नाहीये, पण भात छान मोकळा झालाय.’ त्याचा चेहरा खुलला.

११ एप्रिल, शनिवार

लोक वेडे झालेत! फोन, निरोप, फुलं. औषधाच्या दुकानातल्या माणसाने माझ्याकडून पैसे घ्यायचं नाकारलं. बाहेर पडेपर्यंत त्याच्या डोळ्यांत पाणी. बारा वर्षं लिहून दिलेलं रडले तेव्हा त्यांच्या आज्या रडल्या. आता माझं स्वतःचं एक खरं दुःख दाखवलं तर सगळं गावच रडतंय.

थकवा मात्र तोच.

२८ एप्रिल, मंगळवार

चार भाग. झोप.

१७ मे, रविवार

काल पोस्टात काम करणारी एक बाई पाहुणी होती. मोठ्या आजाराचे उपचार झाले, त्यात चव गेली ती परत आलीच नाही. डोक्यावर आता कुठे बारीक केस उगवलेत. माझ्याशेजारी ओट्यापाशी उभी राहून बटाटे सोलत होती. साल इतकं पातळ काढत होती की त्यातून उजेड दिसावा.

म्हणाली, ‘मी जेवायचंच सोडलं होतं हो ताई. ताटावर बसलं की रडू यायचं. घरचे म्हणायचे, खा गं, जिवासाठी तरी खा. त्यांना काय सांगणार, कापूस चावल्यासारखं वाटतं! मग तुम्हाला पाहिलं. म्हटलं, ही बाई टीव्हीवर उभी राहून सांगते, मला कळत नाही, आणि तरी जेवते. आता मी रोज दुपारी तुमच्याबरोबर ताट घेऊन बसते. तुम्ही घास घेतलात की मी घेते.’

बोलता बोलता धरलेला माझा हात तिने कट झाल्यावरही सोडला नाही. ‘डॉक्टर म्हणतात, माझी नाही यायची आता. पण तुम्ही आहात ना. आपण दोघी.’

मी म्हटलं, हो, आपण दोघी. मनापासून म्हटलं. इतक्या वर्षांत स्टुडिओत असं मनापासून काही बोलल्याचं मला आठवत नाही.

जाताना सजावटवाली डोळे पुसत होती. कडक बाई ती! म्हणाली, कांद्यामुळे. काल कांदाच नव्हता.

२५ मे, सोमवार

करार झाला. दोन वर्षांचा. निर्मात्यांनी पेढे नव्हे, फळं दिली — ‘तुम्हाला गोडाचा काय उपयोग!’ आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. मीही हसले. त्या पोस्टातल्या बाईला दर आठवड्याला बोलवायचं ठरलंय. तिच्या ऑफिसने सुट्टी दिलीय. फोनवर लहान मुलीसारखी आनंदली होती.

नवरा म्हणाला, आता तरी निवांत झोप. प्रयत्न करते.

६ जून, शनिवार

सकाळी नवऱ्याने चहा दिला. गोड! आलं जरा जास्त, दूध किंचित करपलेलं. मी कप धरून तशीच बसले. तो समोर पेपर वाचत होता. चहा कसा झालाय, हे तो आता विचारत नाही. चव परत आली, हे सांगायचं अगदी ओठांवर होतं. पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

परवा शूटिंग आहे. ती पोस्टातली बाई येणार आहे.