त्याचं वय सोळा

४ फेब्रुवारी

सोळा वर्षं! सोळाच वर्षांचा आहे म्हणून योगीराजला कोंडायचं नाही. परभणीच्या बाल न्याय मंडळानं आज निकाल दिला — दोन वर्षं देखरेख, समुपदेशन, वायरमनचा कोर्स.

बाबा सोनपेठला शाळेत शिपाई. ऑगस्टमध्ये एका रविवारी हा पोरगा तिथं बॅटरी चोरायला शिरला, सापडला, आणि बाबांच्या डोक्यात गज घातला. बाबांची वाचा गेली. उजवा हात गेला. सुनावणीत त्यानं तोंडसुद्धा उघडलं नाही.

त्याला सरकार शिकवणार. माझ्या बापाला बोलायला कोण शिकवणार?

५ फेब्रुवारी

निकालाची प्रत तीनदा वाचली. आईलाही वाचून दाखवली.

९ फेब्रुवारी

परिवीक्षा अधिकारी राजेश्री मॅडम घरी आल्या. म्हणाल्या, योगीराजचे आईबाप ऊसतोडीला जातात, सातवीत शाळा सुटली. डांबून ठेवलं तर पक्का गुन्हेगार होऊन बाहेर येईल. मी ऐकून घेतलं. मग त्यांना आत नेलं. आई बाबांना वरणभात भरवत होती, अर्धा हनुवटीवरून गळत होता.

“ह्यांची सुधारणा कोणत्या योजनेत बसते?”

मॅडम चहा न घेताच गेल्या. बरं झालं.

१४ फेब्रुवारी

त्याची आई झुंबरबाई दारात! साखर कारखान्यावरून थेट आली होती. “ताई, लेकरू हाय. लय चुकलं त्याचं.”

दार लावून घेतलं. बाबा खिडकीतून ती जाईपर्यंत बघत राहिले, मग रडायला लागले. माझं डोकं आणखीच भडकलं.

२० फेब्रुवारी

वकील दिनकरराव म्हणाले, अपिलाला तीस दिवसांची मुदत असते. पूर्ण तीन वर्षं सुधारगृहात टाका, असं मागू. सोमवारी सही करायची.

२३ फेब्रुवारी

डाव्या हाताला वळण लागावं म्हणून डॉक्टरांनी बाबांना पाटीवर गिरवायला सांगितलंय. महिनाभर नुसत्या रेघा. आज त्यांना अपिलाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली — नको.

“नको काय? जीव घेतला असता त्यानं तुमचा!”

त्यांनी पाटी ओढली. एकेक अक्षर. अर्धा तास लागला.

‘खोलीत कोंडलं. पट्ट्यानं मारलं. रडला. थांबलो नाही. मग गज.’

कुणी कुणाला कोंडलं, बाबा? त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

२४ फेब्रुवारी

दिनकररावांना फोन केला. अपील नको, म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. “बाबांची इच्छा,” म्हटलं आणि फोन ठेवला.