छप्पर चकचकीत झाल्याची तक्रार

आदरणीय लव्होनताईस,

धाकट्या व्हर्लिनचा ॲरिझोनाच्या वाळवंटातून नमस्कार. आर्डिस आणि मी दोघंही ठीक आहोत, म्हणजे आपल्या नॉर्थ डकोटात ज्याला ठीक म्हणतात तसे. दुखतंय सगळं, पण सांगण्यासारखं काही नाही. तुझा डावा गुडघा काय म्हणतो? तिकडे बर्फ पडायला लागल्याचं कळलं. दारापुढचा बर्फ तू स्वतः उपसत नसशील असं मी धरून चालतो (उपसत असशीलच, हे मला माहीत आहे). तू पाठवलेल्या बटाट्याच्या पोळ्या पोचल्या. टपालात काही तुटल्या होत्या. त्या तुटल्या म्हणून आर्डिसने आधी खाल्ल्या, आणि उरलेल्या तुटू नयेत म्हणून नंतर खाल्ल्या. माझ्या वाट्याला आलेली एक उत्तम होती. पत्राला तसं खास कारण काही नाही. बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं, म्हणून सहज.

आमचं मोटरहोम तुला आठवत असेलच. तेच ते, आमच्या ज्या राहत्या गाडीला तू चाकांवरचं कपाट म्हणालीस. त्याचं छप्पर फायबरग्लासचं आहे. इथलं ऊन तुला माहीत नाही. वरचा चकचकीत थर या उन्हाने पार मेला आणि त्याची खडूसारखी भुकटी झाली. नुसता हात फिरवला तरी शाळेतला फळा पुसल्यासारखा पांढरा. रात्रीच्या दवाने ती भुकटी ओघळायची आणि सकाळी तपकिरी बाजूंवर वरपासून खालपर्यंत पांढऱ्या धारा. आर्डिस एकदा बाहेर उभी राहून बघत म्हणाली, "पार्कात एवढ्या गाड्या आहेत, आपली एकटीच रडतेय." मी म्हटलं, पुसतो. ती म्हणाली, "पुसून काय होणार, रडणं वरून येतंय." आणि मग आत जाऊन भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "एकतर त्या छपराचं काहीतरी कर, नाहीतर विकून टाकू या. वय झालं आता आपलं." आर्डिस भांडी विसळताना जे बोलते ते तोलून मापून बोलते, हे तू जाणतेसच.

ताई, मला हे मोटरहोम विकायचं नाही. बिस्मार्कच्या घरात आम्ही दोघं दोन खोल्यांतून ओरडून बोलतो आणि एकमेकांना "काय?" म्हणतो. इथे टेबल एवढंसं आहे की कॉफी पिताना तिच्या गुडघ्याला माझा गुडघा लागतो. सगळं ऐकू येतं. पेपर वाचताना ती मनाशी काय पुटपुटते तेसुद्धा. हिवाळ्यातले इथले हे चार महिने मला फार आवडतात. पण हे तिला कसं सांगायचं? आपल्या घरात असं कुणी बोलतं का? बाबांनी आपल्याला तो जुना हिरवा ट्रॅक्टर मनापासून आवडायचा असं एकदाच सांगितलं, तेही तो विकून झाल्यावर. म्हणून मी ठरवलं, आपण बोलायचं नाही, छपराला बोलू द्यायचं. ते एकदा लख्ख झालं की विकायचा विषयच निघणार नाही.

इथे पार्कात अशाच गाड्यांतून राहणारे सगळे रोज चारच्या सुमाराला आपापल्या खुर्च्या बाहेर काढून गोल करून बसतात आणि दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल बोलतात. मी छपराचा विषय काढायला आणि सल्ल्यांचा पाऊस पडायला एकच गाठ पडली. कुणी म्हणे व्हिनेगर, कुणी म्हणे बोटीचं वॅक्स, एकजण म्हणे काही करू नकोस, गाडीपेक्षा तू आधी जाशील. टेक्सासचा रँडल टॅकेट आमच्या शेजारी असतो. आवाजाने मोठा, मनाने त्याहून मोठा. त्याच्याकडे पॉलिशचं यंत्र आहे, लोकरीची गोल गादी गरगर फिरवणारं. त्याने ते लगेच आणून माझ्यापुढे ठेवलं. "घेऊन जा, हवे तेवढे दिवस वापर." आता आपल्याकडची रीत काय? पहिल्यांदा "नको, नको" म्हणायचं, दुसऱ्यांदा "कशाला उगाच त्रास" म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "बरं, तू एवढं म्हणतोस तर." त्याप्रमाणे मी "नको, नको" म्हटलं. टॅकेट म्हणाला, "बरं, जशी तुझी मर्जी," आणि यंत्र उचलून चालता झाला. मी दुसऱ्या आग्रहाची वाट बघत तसाच हात पुढे करून बसलो होतो. आर्डिस विणकामातून मान वर न करता म्हणाली, "हात खाली घे, लोकांना वाटेल भीक मागतोय."

तर ते अख्खं छप्पर मी हाताने घासलं. आधी साबण आणि मऊ ब्रश, मग भुकटी काढायची पेस्ट आणि फडकं, गुडघ्यांवर बसून, हातभर हातभर जागा घेत. (गुडघ्यांखाली आर्डिसच्या सोफ्याची उशी होती. ही गोष्ट तुझ्या-माझ्यात.) पहिल्या दिवशी धुतलेलं सगळं पांढरं पाणी ओघळून तिने वाळत घातलेल्या निळ्या टेबलक्लॉथवर गेलं. दुसऱ्या दिवशी मी वाऱ्याची दिशा बघितली नाही आणि खाली उतरलो तेव्हा भुवयांपासून बुटांपर्यंत पिठात घोळवलेला होतो. आर्डिसने दार उघडलं, बघितलं, आणि म्हणाली, "आता तळायचंच बाकी आहे." पण ताई, चौथ्या-पाचव्या फडक्यानंतर खालून खरा रंग वर आला. दुधावरच्या सायीसारखा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं (पेस्टचा वास उग्र असतो).

नुसतं घासून भागत नाही. वर काहीतरी चढवावं लागतं, नाहीतर ऊन पुन्हा खातं. आयोवाचा विलार्ड म्हणाला, फरशीला लावायचं पॉलिश घे, सपाट पोछ्याने पातळ हात मार, वाळलं की पुन्हा एक, असे पाच-सहा. त्याच्या मेव्हण्याने तसंच केलं होतं. मेव्हण्याचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. मी पॉलिश आणलं, शिडीने वर चढलो, आणि शिडीपासूनच सुरुवात केली. मागे मागे सरकत, एकसारखे हात मारत, स्वतःवर खूश होत मी पार पुढच्या टोकाला पोचलो. मग मान वर केली. समोर सगळं ओलं छप्पर काचेसारखं चमकत होतं, आणि शिडी त्याच्या पलीकडे होती.

ओल्यावर पाय ठेवला असता तर तिथून थेट खाली. म्हणून मी एसीच्या खोक्याशेजारी बसून राहिलो. कुणाला हाक मारून दुसरी शिडी मागितली असती तर अर्धं पार्क धावत आलं असतं, पण एवढ्याशा गोष्टीसाठी लोकांना कशाला तसदी? तेवढ्यात चार वाजले. खुर्च्या निघाल्या, आणि नेमका त्या दिवशी गोल आमच्याच गाडीपुढे मांडला. खालून कुणीतरी विचारलं, "काय व्हर्लिन, वर कसं वाटतंय?" मी म्हटलं, "वाईट नाही." दुसऱ्याने विचारलं, "खाली येतोस का?" मी म्हटलं, "घाई काही नाही." विलार्डने पोछ्याच्या दांड्याला पिशवी अडकवून मला दोन बिस्किटं वर पोचवली. आर्डिसने वर एकदाच बघितलं आणि विणकामाचे टाके मोजू लागली.

तेव्हा टॅकेट आला. दिवस कलत होता, छपरावर तिरपं ऊन पडलेलं, आणि आमचं ते पांढरं छप्पर असं झळकत होतं की तो गाडीभोवती एक फेरी मारून आला. टोपी मागे सारून म्हणाला, "व्हर्लिन, माझी पोरगी आणि जावई असंच काहीतरी शोधतायत. ही गाडी मला देतोस? बोल, किंमत तू म्हणशील ती." सगळे वर माझ्याकडे बघत होते, आर्डिससुद्धा. एवढ्या लोकांसमोर भल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी आपल्याकडचं नाही म्हटलं. म्हटलं, "विचार करण्यासारखं आहे."

आपल्याकडे याचा अर्थ मेलो तरी नाही असा होतो, हे तुला सांगायला नको. तुला पहिल्यांदा मागणी घातली त्या मुलाला बाबांनी हेच उत्तर दिलं होतं, आणि तो बिचारा टोपी उचलून निघून गेला. टॅकेट मात्र टोपी उडवून म्हणाला, "मग ठरलं, पुढच्या शुक्रवारी चेकबुक घेऊन येतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आर्डिस उठून आत गेली. मी खाली उतरण्याजोगं छप्पर वाळलं तेव्हा बाहेर नुसत्या खुर्च्या होत्या.

त्यानंतर टॅकेटचं मन वळवायला मी बरेच प्रयत्न केले. मुद्दाम जाऊन सांगितलं की टायर जुने आहेत. तो म्हणाला, असा प्रामाणिक विकणारा आजकाल मिळत नाही. हीटर म्हाताऱ्यासारखा खोकतो म्हटलं, तर त्याने माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. त्याच्या बायकोने तर आमच्याकडे पीकनच्या दाण्यांचा गोड पाय भाजून पाठवला, आणि तोही मी तिसऱ्या आग्रहापर्यंत न थांबता घेतला, कारण या लोकांकडे तिसरा आग्रह येतच नाही. आर्डिस या विषयावर एक शब्द बोलत नाही. पडदे मात्र धुवून इस्त्री केलेत. मला वाटतं, तिने मनातून सामान बांधायला घेतलंय.

बाकी सगळं क्षेम. गुडघ्याला जप आणि चर्चमधल्या मंडळींना माझी आठवण सांग.

तुझा,
व्हर्लिन

ता. क. हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

ता. क. आणखी एक, अगदी सहज आठवलं म्हणून. गुरुवारच्या आत तू आर्डिसला एक फोन करशील का? बोलता बोलता असं म्हण की पुढच्या उन्हाळ्यात तुला आमच्या मोटरहोममधून यलोस्टोनला जायचंय आणि त्यावर तू फार आशा लावून बसली आहेस. तुला त्यात पाऊल ठेवायचं नाही, हे मला ठाऊक आहे (त्या न्हाणीत तू अडकलीस त्याबद्दल मी पुन्हा माफी मागतो). पण तुझा शब्द ती मोडणार नाही. मी स्वतः तुला फोन केला असता, पण या घरात सगळं ऐकू येतं. माझं नाव मात्र घेऊ नकोस.

ता. क. लव्होनताई, मी आर्डिस. टपालाची तिकिटं माझ्या शिवणाच्या डब्यात असतात, म्हणून पाकीट माझ्याकडे आलं. ते नीट चिकटलेलं नव्हतं, आणि चिकटलेलं असतं तरी मी वाचलं असतं. टॅकेटला मी त्याच संध्याकाळी जाऊन "नाही" म्हणून आले. एकदाच म्हटलं, त्याला कळलं; व्हर्लिनला मीच सांगेन म्हणाले, म्हणून तो त्याच्याशी नुसतं गोड बोलत राहिला. तो पीकनचा पाय त्याच्या बायकोने, गाडी विकली गेली नाही म्हणून व्हर्लिन खट्टू होईल असं वाटून, त्याची समजूत घालायला पाठवला होता. विकू या असं मी म्हणाले ते हा शिडीवरून पडेल या भीतीने. मग हा एवढा जीव तोडून घासायला लागला, तेव्हा मला वाटलं, याचंच मन उडालंय आणि गिऱ्हाइकासाठी चाललंय सगळं. वरून "विचार करण्यासारखं आहे" म्हणाला तेव्हा मी आत जाऊन रडले, आणि मग हाताला काहीतरी काम हवं म्हणून पडदे धुतले. तेव्हा कृपा करून फोन करू नका, आणि टॅकेट येणार नाही हे त्याला कळूही देऊ नका. जे त्याने तुम्हाला एवढ्या लांब लिहून कळवलं ते एकदा त्याच्या तोंडून मला ऐकायचंय. शुक्रवारी सकाळी मी कॉफी करून त्याच्यासमोर बसणार आहे, आणि तो बोलेपर्यंत उठणार नाही.