कोहळ्याची जागा

६ जानेवारी २०२५

पोचले एकदाची! कऱ्हाडहून तंजावूर म्हणजे दोन दिवस, तीन गाड्या आणि आईचे अठरा फोन. ही नवी वही मुद्दाम आणली आहे. नकाशे शिकायला आलेल्या माणसाने निदान आपण कुठे होतो याची नोंद तरी ठेवावी.

खोली राजवाड्यामागच्या गल्लीत, माडीवर. मालकीण कनकलता मामी. यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, पण घरात अजून मराठीच बोलतात. मामींचं मराठी ऐकून मजा वाटली. दारातच म्हणाल्या, "कशी आहास? फार बारीक आहास गे!" जुनी पोथी तमिळ हेलात वाचावी तसं वाटलं. देवनागरी मात्र घरात कुणालाच वाचता येत नाही, म्हणजे वही उघडी टाकली तरी चिंता नाही.

त्यांची लेक लावण्या माझ्याच वर्गात आहे. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र अडखळते आणि मग स्वतःच हसते. आल्या आल्या तिने आपली सायकल मला देऊन टाकली आणि मला 'अक्का' म्हणू लागली. मला सख्खी बहीण नाही. बरं वाटलं.

८ जानेवारी

शेषाद्री सरांचा पहिला तास. सर म्हणाले, उपग्रहाला तुम्ही कुठे आहात हे मुळीच ठाऊक नसतं. तो फक्त स्वतःची वेळ आणि जागा सांगत फिरतो. ऐकायचं काम आपलं. एकाच बिंदूवर जितका वेळ बसाल तितकी चूक कमी होत जाते. आधी पन्नास मीटर, मग पाच, मग दोन सेंटिमीटर. तिथे आलं की बिंदू पक्का झाला. मोजणी चालू असताना बिंदू सोडायचा नाही, एवढं पाठ करा म्हणाले.

मला हे फार आवडलं. कामाशिवाय एका जागी बसणं हीच माझी जन्मजात कला आहे.

११ जानेवारी

पहिलं फील्डवर्क. ओरत्तनाडुच्या अलीकडे, कालव्याच्या बांधावर. दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं भात आणि पलीकडे नारळी. बांधावर शिवेचा दगड आहे, पाटासारखा रुंद. सरांच्या यादीत तोच आमचा मुख्य बिंदू. त्यावर मुख्य यंत्र लावून एकीने चार तास राखण करायची आणि बाकीच्यांनी हातातली यंत्रं घेऊन कालव्याने पुढे जायचं. राखणीला कोण, हे विचारायच्या आत माझा हात वर!

दगडावर एक कोहळा ठेवलेला होता. हळदीने रंगवलेला, त्यावर डोळे आणि मिशा काढलेल्या. आमच्याकडेही दाराला कोहळा बांधतात, त्यात नवल नाही. पण तिपाई लावायला जागा हवी, म्हणून मी तो उचलून खाली ठेवला आणि दगडाच्या कडेला बसले.

थोड्या वेळाने शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. कोहळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मला एकच शब्द येतो, 'आमा', म्हणजे हो. मी हसून मान डोलावली, "आमा, आमा." तिने पुन्हा तेच विचारलं, सावकाश. मी पुन्हा मान डोलावली. मग तिने माझ्या पायांवर हळदीचं बोट लावलं आणि निघून गेली. किती लाघवी माणसं!

येताना कोहळा घरी आणला. ऐवज असा वाया कशाला घालवायचा? आवळा न देताच कोहळा काढला म्हणायचा. मामींनी कुठून आणला हे न विचारता खोबरं घालून त्याची भाजी केली. लावण्या कोहळा खात नाही, मामींचा उपास होता. मी दोनदा वाढून घेतली.

१३ जानेवारी

फोन बिघडला. नकाशावरचा माझा निळा ठिपका शिवेच्या दगडावर अडकून बसलाय, भोवती पन्नास मीटरचं वर्तुळ. आईला माझं लोकेशन दिसतं. सकाळी सकाळी तिचा फोन, शेतात काय करतेस म्हणून. मी म्हटलं, भात कापतेय. ती चिडली.

२० जानेवारी

पोंगलची सुट्टी संपली. कॉलेजची हजेरी फोनवर लागते, आवारात असलात तरच. मी पहिल्या बाकावर बसले होते आणि ॲप म्हणालं, गैरहजर.

लावण्याने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. तिच्या हातात तिचा ठिपका कॉलेजात होता. माझ्या हातात येताच तो सरकला. कॉलेज, रस्ता, कालवा, दगड. तिने फोन परत घेतला तसा ठिपका कॉलेजात आला. आम्ही चार वेळा करून पाहिलं. चौथ्या वेळी कुणीच हसलं नाही.

वर्तुळ आता बारा मीटरचं आहे.

२२ जानेवारी

सरांनी चांगलं यंत्र दिलं. मैदानाच्या मधोमध उभी राहिले. आकडे दगडाचे आले. सर म्हणाले यंत्र बिघडलंय, आणि त्यांनी ते माझ्याकडून घेतलं तेव्हा माझ्याकडे न बघता घेतलं.

मामींनी विचारलं, कोठें चिखलांत गेल्तीस? मी कुठेच गेले नव्हते. पण माझे पाय घोट्यापर्यंत ओले होते आणि बोटांत भाताचा तूस होता. फार भीती वाटली. आईला फोन केला आणि काही न सांगता ठेवला.

चार मीटर.

२३ जानेवारी

बाजारातून मोठा कोहळा घेतला, हळद लावली, डोळे काढले. म्हातारीला शोधायला जाते, एवढंच लावण्याला सांगून एकटीच बसने गेले. दगडावर ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर तो खचला, मऊ झाला, आतून फुटून पाणी वाहू लागलं.

म्हातारी तिथेच होती. अंबा नाव तिचं. मी भाषांतराचं ॲप चालू करून फोन तिच्या तोंडापुढे धरला. मराठीत उमटलं ते इथे लिहिते. शीव कधी रिकामी राहू द्यायची नसते. माणूस बसवायचा नाही म्हणून आम्ही कोहळा बसवतो. तू त्याला उठवलंस. मी विचारलं, त्याच्या जागी तू बसतेस का? तू हो म्हणालीस. मी परत विचारलं. तू परत हो म्हणालीस.

मी कोहळा दाखवला. ती म्हणाली, रिकाम्या जागी कोहळा बसतो. जागा भरली आहे. माणूस बसला की त्याला माणूसच उठवतो. दुसऱ्या कुणी दगडावर पाय ठेवला की तू मोकळी.

तिला विचारलं, तू ठेवतेस? ती शेळ्या घेऊन लांबून गेली.

घरी लावण्या जेवायची थांबली होती. काय म्हणाली म्हातारी, तिने विचारलं. मी सांगितलं, काही नाही, भाषा कळली नाही.

असं का सांगितलं ते लिहिणार नाही.

२५ जानेवारी

घरी जाते. कऱ्हाडला. तिरुच्चीच्या बसमध्ये खिडकीजवळ बसले. वल्लमला एक बाई चढली. तिने पिशवी माझ्या सीटवर ठेवली. माझ्या मांडीवर. मग ती बसायला लागली — मी ओरडले तशी दचकून इकडेतिकडे बघू लागली.

उतरले. पाय चिखलात होते. डांबरी रस्ता, कोरडा, आणि माझे पाय —

एक मीटर.

२६ जानेवारी

काल वल्लमहूनच परत फिरले. मामींनी पानं वाढली. दोन. लावण्याने तिसरं आणून ठेवलं, मग बराच वेळ त्याकडे बघत राहिली, कुणासाठी आणलं ते आठवत असल्यासारखी. "अक्का?" म्हणाली. मी समोरच होते. हो म्हटलं. तिला ऐकू आलं, हसली. डोळे मात्र माझ्या खांद्याच्या जरा बाजूला.

तिला सांगायला हवं. आत्ताच. उद्या सांगते.

२७ जानेवारी

बांध. ऊन. कशी आले — माहीत नाही. माडीचा जिना उतरत होते.

उठता येत नाही असं नाही. उठून कुठे जायचं ते ठरत नाही. कऱ्हाड कुठल्या दिशेला?

दोन सेंटिमीटर.

आईचा फोन वाजतोय. ठिपका जागेवर आहे ना, मग ती म्हणेल पोरगी सुखरूप —

बांधावरून कुणीतरी येतंय. फोनकडे बघत. लावण्या. माझं लोकेशन लावून आलीय, वेडी. एकटीच. "अक्का! अक्का!" सगळीकडे बघते. माझ्यावरूनही नजर गेली.

भात उंच आहे. आत कुणी पडलं असेल तर बांधावरून दिसत नाही. चढून बघायला काहीतरी हवंय — दगडाकडेच —

तिला ठाऊक नाही. मी सांगितलं नाही.

माझा आवाज अजून आहे. मघाशी खोकले तर बगळे उडाले. ओरडले तर ती थांबेल.

चार पावलं. हातात माझ्यासाठी डबा आणलाय.

दोन. चप्पल काढली तिने, दगडाला नमस्कार केला. उजवा पाय उचलला —

मी तोंड उघड—