निवडुंगाला पाणी

अमरावती, कार्तिक वद्य चतुर्थी, दिवेलागणीला

निवडुंग बुडातून सडला. बोट लावलं तर आत गेलं.

पाचवीला मायनेच ही फांदी बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी मडक्यात खोवली होती, बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून. बाळ दुसऱ्याच दिवशी गेलं. फांदी मात्र तिथेच राहिली, आणि तिला कोवळी पानं फुटली.

माय म्हणाली, "फेक ते उकिरड्यावर." माझी बायको सखू मडकं उचलून आत घेऊन गेली. मी माळ्याच्या घरचा, मला कळतं. तिला बजावलं होतं, "याले पाणी नको घालू, हा तहानलेलाच बरा." तरी ती रोज चोरून ओंजळभर घालायची. मी पाहायचो. थांबवलं काहून नाही? दुसरं कोण होतं तिला पाजायला?

आज शेंडा तरी वाचवावा म्हणून विळा घेतला. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग, गाडीवाले गात चाललेले. यंदा कापसाला भाव आहे, सगळा मुलूख खुशीत आहे. मी काप दिला आणि पांढरा चीक टपटप गळायला लागला.

"काप सुकला की बागेत कुंपणाशी लावू," मी म्हटलं. "जगते तो."

सखू त्या गळणाऱ्या चिकाकडेच पाहत होती. तिची चोळी पुन्हा ओली झाली होती. तिने पदर ओढून घेतला.

"याचंबी थांबून नाही राहिलं," ती म्हणाली.